न खेळल्याचं बक्षीस

रात्री साडेतीनला एका मित्राचा फोन आला, मी उचलला तर तो काही बोलेचना. मला वाटलं घरात कुणाचं तरी काही झालं. मग म्हणाला, "फॉर्म भरतोय, जरा लाइनवर थांब." फॉर्म म्हणजे सेल्फ-एक्सक्लूजनचा. तो राहतो तिथे सरकारमान्य यादी आहे, तीत आपण होऊन नाव घातलं की लायसन्स असलेली कुठलीही बेटिंग साइट आपल्याला आत घेत नाही, म्हणजे स्वतःच स्वतःवर घातलेली बंदी. नाव, जन्मतारीख, सगळे जुने-नवे ईमेल, फोन नंबर, पत्ता, तो एकेक रकाना मोठ्याने वाचत होता आणि मी हं हं करत होतो. शेवटचा प्रश्न मुदतीचा, सहा महिने, एक वर्ष की पाच वर्षं. बराच वेळ गप्प राहिला. मग सहा महिने निवडले, बटण दाबलं आणि म्हणाला, "झालं. आता काय करू?"

मी म्हणालो, झोप. इतकं बिनडोक उत्तर मी क्वचितच कुणाला दिलं असेल, कारण पहाटे साडेतीन ही गेली दोन वर्षं त्याची झोपायची वेळ नव्हतीच, जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललेल्या कुठल्यातरी मॅचची वेळ होती.

मला त्या फॉर्मबद्दल वाईट बोलायचं नाहीये, तो नसता तर माझं मित्रमंडळ आज एकाने कमी असतं असंही मला कधीकधी वाटतं. पण जुगाराच्या व्यसनाचा विषय निघाला की सरकारं, कंपन्या, चर्चेतले तज्ज्ञ सगळे या एका फॉर्मपाशी येऊन थांबतात, सोय केलेली आहे, वापरायची की नाही ते तुमच्या हातात. माझं म्हणणं एवढंच की ही सोय अर्धी आहे. दार बंद करता येतं, पण बाहेर थांबायला काही कारण मिळत नाही. आणि ते कारण देण्याची एक पद्धत तीसेक वर्षं तपासून तयार पडलीय, फक्त ती ऐकली की लोकांना राग येतो. न खेळल्याबद्दल माणसाला बक्षीस द्यायचं. शाब्बासकी वगैरे नाही, खरंखुरं, हातात पडणारं बक्षीस.

आधी कुलपाचं बघू. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याने १९९६ साली कसिनोंसाठी अशी यादी चालू केली. एकदा नाव घातलं की जन्मभरासाठी, आणि पुढे तोच माणूस कसिनोत सापडला तर त्याच्यावर घुसखोरीचा खटला. म्हणजे माणसाने शुद्धीत असताना सही करायची आणि भान सुटल्यावर मोडली की धरायचं परत त्यालाच. (नंतर तिथे पाच वर्षांनी नाव काढून घ्यायची मुभा आली.) मग जुगार फोनमध्ये शिरला. कसिनोला निदान एक दरवाजा असतो, इथे शेकडो. सुरुवातीला प्रत्येक साइटवर वेगळी बंदी घालून घ्यावी लागायची, त्यामुळे एकीकडून बाहेर पडून दुसरीकडे खातं उघडायला दोन मिनिटं पुरायची. डेन्मार्कने २०१२ मध्ये सगळ्यांसाठी एकच यादी केली, स्वीडनची २०१९ ला आली, नेदरलँड्सची २०२१ ला, ऑस्ट्रेलियाची ऑगस्ट २०२३ मध्ये. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप २०१८ ला निघालं पण लायसन्सवाल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांवर ते सक्तीचं व्हायला २०२० उजाडलं, मधल्या काळात ज्यांनी नाव घातलं त्यांच्या वाट्याला अर्धीमुर्धी भिंत.

भिंत पूर्ण झाली तरी भोकं राहतातच. स्वीडन-डेन्मार्कमध्ये यादी राष्ट्रीय ओळख क्रमांकाला जोडलेली आहे, तिथे नाव फिरवून आत घुसणं अवघड. जिथे असा क्रमांक नाही तिथे नाव, जन्मतारीख, ईमेल, पत्ता जुळवून माणूस ओळखतात, आणि तलफ आलेल्या माणसाइतक्या चिकाटीने फॉर्मवर प्रयोग करणारा दुसरा कोणी नसतो, स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, नवा ईमेल, भावाचा पत्ता. लायसन्स नसलेल्या परदेशी साइट्स तर जाहिरातच अशी करतात की आम्ही त्या यादीत नाही. आता ही जाहिरात वाचून कोण येणार? ज्याने यादीत नाव घातलंय तोच ना. म्हणजे नेमक्या आजारी माणसाला हेरून, तो बरा व्हायला निघालेला असताना गाठायचं. या धंद्यातलं मला सगळ्यात किळसवाणं काय वाटतं असं कोणी विचारलं तर मी हे एक वाक्य दाखवीन.

त्या मानाने काही बँकांचं काम मला आवडलं. कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराला दुकानाचा प्रकार सांगणारा एक चार आकडी कोड असतो, जुगाराचा ७९९५. मोन्झो या ब्रिटिश बँकेने २०१८ मध्ये ॲपमध्ये एक स्विच दिला, तो लावला की त्या कोडवर पैसे जातच नाहीत, आणि काढायचा असेल तर बँकेच्या माणसाशी बोलायचं आणि वर ४८ तास थांबायचं. हे ४८ तास कोणी सुचवले माहीत नाही पण त्याला माणूस कळतो. तलफ चढते आणि उतरते, दोन दिवस एकाच जोराने काही टिकत नाही. अर्थात पैसे आधी वॉलेटमध्ये टाकून किंवा क्रिप्टो घेऊन फिरवले तर ७९९५ कुठे दिसतच नाही, ती पळवाट आहेच.

पण समजा उद्या सगळी भोकं बुजली. तरी माझ्या मित्राचा प्रश्न जागच्या जागीच.

जुगार माणसाला देतो काय ते आधी बघा. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दर वेळी दाणा मिळाला तर प्राणी पोट भरलं की थांबतो, पण कधी मिळेल याचा नेम नसला की तो कळ दाबतच राहतो, आणि दाणा यायचा बंद झाला तरी कितीतरी वेळ दाबतो. स्लॉट मशीन त्यावरच चालतं. त्यात भर म्हणजे थोडक्यात हुकलेले डाव, दोन चित्रं जुळली आणि तिसरं एक घर खाली थांबलं, हिशोबाने तो हरलेलाच डाव पण मेंदूतला जिंकल्यावर पेटणारा भाग तेव्हाही पेटतो हे स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. आणि बऱ्याच ओळींवर एकदम लावायच्या मशीनवर शंभर लावून चाळीस परत आले तरी दिवे लागतात, गाणं वाजतं, साठ गेलेत आणि माणूस खूश. एवढं सगळं प्रत्येक मिनिटाला. याच्यासमोर न खेळण्याच्या पारड्यात आज काय आहे? काहीही नाही. वर्षभराने कर्ज कमी होईल, पाच वर्षांनी बायको विश्वास ठेवेल. आणि हा आजार असलेल्या माणसाची अडचणच ही की त्याला उद्याचं मोठं आजच्या छोट्यापुढे दिसत नाही, मानसशास्त्रात हे मोजून झालेलं आहे.

त्याहून एक वाईट गोष्ट मला मित्राकडून कळली. मला वाटायचं बंदी घालून घेतल्यावर हलकं वाटत असेल. तो म्हणाला, "अरे, उलट. खातं चालू होतं तोपर्यंत ते पैसे गेलेले नव्हते, अडकलेले होते. फॉर्म भरला आणि ते गेले." हरलेलं वसूल करायचं म्हणून खेळत राहणं हे या आजाराचं ठरलेलं लक्षणच आहे, आणि कुलूप लावणं म्हणजे त्या आशेवर पाणी सोडणं. म्हणजे आपण माणसाला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा तोटा एका रात्रीत मान्य करायला लावतो, आणि बदल्यात त्याला एक ईमेल येतो, आपली विनंती नोंदवली आहे.

घरचे मग दुसरं टोक गाठतात, सगळं कर्ज एकदम फेडून टाकतात, पाटी कोरी, आता परत नको हां. युधिष्ठिराचं आठवा. पहिल्या द्यूतात सगळं हरला, धृतराष्ट्राने ते सगळंच्या सगळं परत दिलं, राज्य, स्वातंत्र्य, सगळं. पांडव घरी निघालेसुद्धा. वाटेत परत बोलावणं आलं आणि हा परत फिरून पटाशी बसला. लहानपणापासून आपण शकुनीच्या फाशांवर बोलतो, पण मला विचाराल तर त्या गोष्टीतली भीतीदायक जागा हा दुसरा डाव आहे, तिथे कोणी काही हिसकावलेलं नव्हतं. सगळं एकदम आणि बिनशर्त परत मिळालेल्या माणसाला न खेळल्याबद्दल दुसऱ्या दिवशी काय मिळणार होतं?

आता बक्षिसाकडे येतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या आसपास कोकेनच्या व्यसनींसाठी एक साधी पद्धत लावली. आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी. स्वच्छ निघाली की अडीच डॉलरचं व्हाउचर. पुढची स्वच्छ निघाली की सव्वा डॉलर जास्त, त्याच्या पुढची अजून सव्वा, ओळीने तीन स्वच्छ आल्या की वर दहाचा बोनस. एखादी खराब आली किंवा माणूस आलाच नाही तर भाव परत अडीचवर. ओरडा नाही, भाषण नाही, हाकलून देणं नाही, आकडा खाली येतो आणि परत चढायला लागतो. व्हाउचर रोख पैशात मिळायचं नाही, त्यातून वस्तू किंवा एखादी नवीन आवड जोपासायची सोय घ्यायची. याचं नाव कंटिन्जन्सी मॅनेजमेंट, नाव फार जड आहे, मी बक्षीस-उपचारच म्हणतो.

आणि हे चालतं. कोकेन, मेथ अशा ज्या ड्रग्जसाठी मान्यता मिळालेलं औषधच नाही तिथे इतका भक्कम पुरावा असलेला दुसरा उपचार नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांनी २०११ पासून तो देशभर नेला, कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेत आणला, वर्षाला जास्तीत जास्त ५९९ डॉलर प्रत्येकी. जुगारासाठी मात्र या पद्धतीवर अजून थोडंच काम झालंय. खरं तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारसूचीने २०१३ मध्येच जुगाराला दारू-ड्रग्जच्या रांगेत नेऊन बसवलं, आणि यावरही अमेरिकेच्या औषध नियामकाने मंजूर केलेली एकही गोळी नाही. म्हणजे रांग तीच, अडचण तीच, मग इलाज का नाही?

कारण लोकांना तो पटत नाही. "चांगलं वागायला पैसे द्यायचे? ही लाच झाली." हे मी घरातही ऐकलंय, माझ्या आईने तर सरळ विचारलं की मी आयुष्यात एकदाही पत्त्याला हात लावला नाही, मला कोण देतंय बक्षीस? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर असं की कोणी देत नाही, जसं पाय न मोडल्याबद्दल तुला कोणी प्लास्टरही घालत नाही. पाय मोडलेल्या माणसाला मिळणारं प्लास्टर बघून आपल्याला अन्याय वाटत नाही, जुगाऱ्याला मिळणारं व्हाउचर बघून वाटतो, कारण आतून कुठेतरी आपल्याला तो आजारी वाटतच नाही, नालायक वाटतो. हे एकदा स्वतःशी कबूल केलं की वाद बराच सोपा होतो.

आणि लाच म्हणाल तर ती कधीच चालू आहे, फक्त उलट्या दिशेने. माझ्या मित्राने एकदा मला त्याचे जुने मेसेज दाखवले होते. तीन दिवस लॉगिन नाही केलं की, तुमची आठवण येतेय, ही घ्या फ्री बेट. मोठी रक्कम हरला त्याच रात्री कॅशबॅक. पगाराच्या आसपास डिपॉझिट बोनस. पुढे पुढे तर त्याला कंपनीने एक स्वतंत्र माणूस दिला होता, व्हीआयपी मॅनेजर, वाढदिवसाला फोन करणारा, मॅचची तिकिटं पाठवणारा. (वाढदिवसाला त्या वर्षी मी फोन केला नव्हता, हे मला त्या मेसेजमधून कळलं.) आता हिगिन्सच्या तक्त्याशेजारी हे ठेवून बघा. वागणूक बघायची, लगेच बक्षीस द्यायचं, सातत्याला बोनस द्यायचा, गळालेल्याला परत चढायला शिडी द्यायची. तीच पद्धत, माणूस सुटायच्या ऐवजी अडकावा म्हणून वापरलेली, आणि तीही दवाखान्यापेक्षा कितीतरी जास्त डेटा हातात असताना. हिला आपण मार्केटिंग म्हणतो. तीच गोष्ट समुपदेशकाने केली की नीतिमत्ता आठवते.

इथे एक मजेशीर वळण आहे. हिगिन्सची व्हाउचरं अनेक दवाखान्यांना महाग पडायची म्हणून नॅन्सी पेट्री या संशोधिकेने बाउलची युक्ती काढली. चेकिंग स्वच्छ निघालं की बाउलमधून चिठ्ठी काढायची, पाचशे चिठ्ठ्या, निम्म्यांवर नुसतं शाब्बास, बऱ्याचशांवर डॉलरभराची वस्तू, थोड्यांवर वीसची आणि एकीवर शंभराचं मोठं बक्षीस. खर्च कमी आणि परिणाम जवळपास तसाच. पण ही तर लॉटरीच झाली की! गंमत म्हणजे पेट्री स्वतः जुगाराच्या आजारातल्या नावाजलेल्या अभ्यासक, जुगार ड्रग्जच्या रांगेत बसवणाऱ्या त्या सूचीच्या कामातही त्या होत्या, त्यामुळे त्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. चिठ्ठ्या काढणाऱ्या रुग्णांचा जुगार वाढतो का हे त्यांनी तपासलं, वाढलेला दिसला नाही. पण जुगारातून बाहेर पडणाऱ्यांना त्या अभ्यासांमध्ये घेतलंच जात नव्हतं आणि ते योग्यच होतं. म्हणून जुगारासाठी बक्षीस द्यायचं तर ते ठरलेलं, मोजून, आधी सांगून दिलेलं असावं असं माझं ठाम मत आहे. चिठ्ठी नको, चक्र नको, सरप्राइज तर अजिबात नको. ज्याला नेम नसल्याची चटक लागलीय त्याला आधी नेम असलेली एखादी गोष्ट गोड लागायला हवी.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती विरोधकांपेक्षा बाजूने बोलणारेच झाकतात. कोकेन लघवीत दिसतं. जुगार कशात दिसणार? हरून आलेल्या माणसाच्या तोंडाला वास येत नाही, पाय लटपटत नाहीत. माझा मित्र दोन वर्षं माझ्यासमोर बसून चहा प्यायचा आणि मला काही कळलं नाही. नुसतं "नाही खेळलो" या शब्दावर बक्षीस दिलं तर आपण खोटं बोलायचं बक्षीस देतोय, आणि त्यात तो आधीच पटाईत झालेला असतो. बँक स्टेटमेंट मागावं तर दुसरं खातं असू शकतं, मित्राचं कार्ड असू शकतं.

पण इथेच त्या अर्ध्या सोयीचा उपयोग आहे आणि माझा सगळा आग्रह यासाठी चाललाय. "नाही खेळला" हे सिद्ध करता येत नाही, मान्य, पण काय काय करून ठेवलं हे सिद्ध करता येतं. यादीत नाव आहे की नाही, हो किंवा नाही. बँकेचा स्विच लावलेला आहे, हो किंवा नाही. फोनमध्ये जुगाराच्या साइट्स अडवणारा ब्लॉकर आहे आणि या आठवड्यात काढला गेला नाही. समुपदेशनाला आला. स्टेटमेंट आणलं. या सगळ्याला लघवीच्या तपासणीइतकं स्वच्छ उत्तर आहे, मग बक्षीस याला बांधा. यादीत सहा महिन्यांऐवजी पाच वर्षं निवडली की जास्त, स्विच सलग तीन महिने लागलेला राहिला की अजून जास्त, दर आठवड्याला थोडं थोडं चढत जाणारं. जुगाराच्या उपचारातून माणसं अर्ध्यावर गळतात ही जुनी रड आहे, नुसत्या हजेरीला बक्षीस लावलं तरी ती कमी होईल असं मला वाटतं. कुलपाला जे कारण नव्हतं ते बक्षीस देतं, आणि बक्षिसाला जो पुरावा मिळत नव्हता तो कुलूप देतं. दोन्ही गोष्टी आहेतच, फक्त वेगवेगळ्या ऑफिसांत पडल्यात, एक नियामकाकडे आणि एक दवाखान्यात.

फसवणार नाहीत का? काहीजण फसवतील. यादीत नाव ठेवून बिनलायसन्सच्या साइटवर खेळतील आणि वर व्हाउचरही नेतील. पण असा माणूस दर आठवड्याला समुपदेशकासमोर येऊन बसतोय हे विसरू नका, तो काही न करता घरी बसला असता तर कोणासमोरच नसता. बक्षीस रोख नको हेही यासाठीच, रोख असलं की ते कुठे जाईल हे वेगळं सांगायला नको, गिफ्ट कार्डंसुद्धा विकली जातात. विजेचं बिल परस्पर भरलं, मुलीच्या क्लासची फी परस्पर गेली, असं काहीतरी, ज्यावर डाव लावता येत नाही.

बक्षीस थांबलं की परिणाम ओसरतो असाही आक्षेप आहे आणि तो काही प्रमाणात खरा आहे. पण रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाब वाढतो म्हणून कोणी गोळी निकामी ठरवत नाही. शिवाय समजा बक्षिसं बारा आठवडे चालली, तर ते बारा आठवडे म्हणजे पगार-पाण्याच्या हिशोबाचे बारा रविवार, बारा वेळा संध्याकाळ रिकामी गेली आणि काही बिघडलं नाही हा अनुभव. तेवढ्या वेळात दुसरं काही रुजवता आलं नाही तर दोष बक्षिसाचा नाही, त्या बारा आठवड्यांत आपण काय केलं त्याचा आहे.

राहता राहिला पैसा. तो धंद्यातून यावा आणि धंद्याच्या हाती मात्र नसावा. ब्रिटनमध्ये कंपन्या वर्षानुवर्षं मर्जीने देणगी द्यायच्या, एप्रिल २०२५ पासून तिथे सक्तीचा आकार लागू झाला, धंद्याच्या प्रकारानुसार ढोबळ कमाईच्या ०.१ ते १.१ टक्के, ऑनलाइनवाल्यांना सगळ्यात जास्त, आणि त्यातला निम्मा वाटा उपचारावर. मला १.१ टक्का हा आकडा वाचून हसू आलं, फ्री बेटवर याच्या किती पट जात असतील. पण रस्ता बरोबर आहे. कंपनीच बक्षीस-उपचार चालवायला लागली तर तो दोन महिन्यांत लॉयल्टी कार्ड होईल. आणि हेही खरं की माणसाला कुलूप आणि बक्षीस देत बसण्याआधी काही दारं सरकारनेच काढून टाकायची असतात, नॉर्वेने जुलै २००७ मध्ये जुनी स्लॉट मशीन सरसकट बंद केली आणि नंतर आणली ती कार्डाशिवाय न चालणारी, तोट्याला मर्यादा असलेली. ब्रिटनने २०१९ मध्ये बेटिंगच्या दुकानांतल्या बदनाम मशीनवर एका डावाची मर्यादा शंभर पौंडांवरून दोनवर आणली, २०२० मध्ये क्रेडिट कार्डाने जुगार बंद केला. तिथे कोणाला फॉर्म भरावा लागला नाही.

मित्राचं सांगतो. त्याच्या भागात असा काही उपचार नाही, समुपदेशन आहे, तेही दोन महिने थांबून मिळालं. मग त्याच्या ताईनेच घरगुती व्यवस्था लावली, तिला हिगिन्स वगैरे काही माहीत नाही, ती अकाउंटंट आहे. दर रविवारी त्याने तिन्ही खात्यांचं स्टेटमेंट दाखवायचं आणि बँकेच्या ॲपमधला स्विच उघडून दाखवायचा. सगळं नीट असलं की ती क्लबमध्ये पुढच्या आठवड्याचा टेबल टेनिसचा एक तास त्याच्या नावाने बुक करते, ओळीने चार आठवडे झाले की दोन तास. कॉलेजात तो चांगला खेळायचा. सातव्या आठवड्यात स्टेटमेंटमध्ये एक ओळ निघाली, ती काही बोलली नाही, बुकिंग केलं नाही, आणि पुढच्या रविवारी परत एका तासापासून सुरुवात.

सहा महिने होऊन गेले. त्याच्याकडच्या यादीत मुदत संपली म्हणून बंदी आपोआप उठत नाही, आपण फोन करून काढून घ्यावी लागते आणि त्यानंतरही एक दिवस थांबावं लागतं. त्याने फोन केलेला नाही. टेबल टेनिसचे तास ताईच्या पगारातून जातात, आणि त्याच्या जुन्या ईमेलवर कुठल्यातरी परदेशी साइटची फ्री बेट अजून महिन्यातून दोनदा तरी येते.